बोटांत करंट मारला तर लगेच सांगा
कार्पल टनेलवर (मनगटात नस दबून बोटं बधिर होतात, तो त्रास) मनगटात देतात त्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने नस कायमची जाते, हे लेखातलं वाक्य वाचून आमच्या नागपुरात दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाया उगाच घाबरतील. धोका आहे ना, नाही कुठे. पण सुई कुठून गेली यावर सगळं. अंगठा-करंगळी जुळवून मनगट जरा वाकवा, मधोमध दोरीसारखी एक शीर ताठ वर येते (रक्ताची नव्हे, स्नायूची, म्हणजे टेंडन; काहींना ती नसतेच). मिडियन नर्व्ह, म्हणजे तीच दबणारी नस, साधारण तिच्याखाली, म्हणून सुई करंगळीच्या बाजूने, तिरपी. बोटांत करंट मारल्यासारखं झालं की बोला, सुई मागे घेतात. औषध जोर लावून ढकलायचंच नसतं. सोनोग्राफीवर बघून दिलं तर उत्तमच. अन् शुगरवाल्यांनो, स्टेरॉइडने काही दिवस साखर चढते. हे लेखात यायला हवं होतं.