आधी काय गेलं ते मोजू द्या

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं, मुलाची मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा दुसऱ्यांदा हुकली, घरात कोणी जेवलं नाही. पाच मिनिटांत खाली रांग लागली : 'पॉझिटिव्ह राहा', 'जे होतं ते चांगल्यासाठीच', सूर्यफुलं, जोडलेले हात. त्यानंतर ताई काही बोलल्याच नाहीत. ते गप्प होणं माझ्या ओळखीचं आहे.

२३ सप्टेंबर २०२३. आदल्या दिवशी घरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. रात्री नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. फ्रीज आडवा पडल्याच्या आवाजाने जाग आली. अंधारात पुरणाची मोठी पातेली घासून ठेवलेली तशीच तरंगत होती. मुखवटे तेवढे मी डोक्यावर धरून वर नेले.

पाणी ओसरल्यावर फोन सुरू झाले. "जीव वाचले ना, मग पॉझिटिव्ह राहा." खोटं नव्हतं ते. पण सासूबाईंच्या हातची गोधडी चिखलात बघून रडू येत होतं आणि प्रत्येक फोननंतर त्या रडण्याचीच लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी काटोलहून बाबा आले. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या फळगळीचे दिवस, स्वतःची बाग गळत असताना आले. दारात उभे राहून सगळं पाहिलं आणि म्हणाले, "रडून घे पहिले. मंग सांग, कोनतं वाचते."

बाबा बागेतही असंच करतात. सकाळी झाडाखाली पडलेली संत्री मोजतात, उचलतात, बागेबाहेर खड्ड्यात पुरतात. सडकी फळं तशीच ठेवली तर रोग पसरतो. मग बुडाशी साचलेल्या पाण्याला वाट काढतात, डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, दिसला तर खरवडून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात. आणि त्यानंतर मान वर करून झाडावर किती राहिली ते बघतात. झाडाला फुटणाऱ्या फुलांपैकी फार थोड्यांचं संत्रं होतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत आहे. त्यामुळे ते 'यंदा भरघोस येईल' असं कधी म्हणत नाहीत. पण बाग तोडायची भाषाही करत नाहीत.

आमच्या अंगणात त्यांनी तीन ढीग लावले : गेलं, वाळवून पाहू, वाचलं. फेकण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढायला लावला, पंचनाम्यासाठी. सोफा गेला. मिक्सर तीन दिवस उन्हात ठेवला, मग मिस्त्रीने उघडून चालू केला. मुलीची प्रमाणपत्रं वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वरच्या काकूंच्या पंख्याखाली वाळवली. गोधडी गेलीच. त्या तीन ढिगांनी मला त्या आठवड्यात उभं ठेवलं, फोनवरच्या सुविचारांनी नाही.

नंतर वाचताना कळलं, मानसशास्त्रातही आशेचा असाच विचार झालाय. अमेरिकेतल्या सी. आर. स्नायडर यांनी १९९१ च्या सुमाराला मांडलं, की आशेला तीन गोष्टी लागतात : काय हवंय ते ठाऊक असणं, तिथे जायच्या वाटा सुचणं आणि त्या वाटेने आपण चालू शकतो ही खात्री. एक वाट बंद झाली की दुसरी शोधता येणं, हे त्यातलं मोठं. गॅब्रिएल एटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वजन कमी करणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. 'मला जमेल' असा अंदाज बांधणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. बारीक झाल्याच्या गोड कल्पनांत रमणाऱ्यांचं कमी. अपेक्षा आणि स्वप्नरंजन यांत एवढा फरक आहे, आणि आपण लोकांना बहुतेक स्वप्नरंजनच वाटत सुटतो.

मला अजूनही मोठा पाऊस लागला की झोप येत नाही. कागदपत्रं आता माळ्यावर असतात. हेही त्या आशेतच धरते मी. ज्यांची झोप-भूक आठवडेच्या आठवडे उडालीय, जगणंच नको वाटतंय, त्यांना मात्र ढीग लावायला सांगू नका. डॉक्टरकडे घेऊन जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

काल संध्याकाळी डबा घेऊन ताईंकडे गेले. त्या खूप रडल्या, मी काही बोलले नाही. मुलगा आतल्या खोलीत होता. निघताना तो बाहेर आला आणि हळूच विचारलं, "काकू, बी. फार्मचे फॉर्म अजून सुरू असतील का हो?"

आज दुपारी दोघं बसून बघणार आहोत.