‘एसीत बसून’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

आमच्या डाळगिरणीत रोजचा हिशोब आणि मोजणाऱ्याचं नाव लिहायला फळा लावलाय, त्याबद्दल मी लेख लिहिला होता, त्यावर ‘खान्देशी वाघ’ या नावानं एक लांबलचक कमेंट आलीय. वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. फळ्यावर कामावरच्या पोरांची नावं लावता म्हणजे त्यांना चोर समजता. मालक उशिरा आला तर त्याचं नाव कुठल्या फळ्यावर लागतं? छोट्या उद्योगांचं पेमेंट ४५ दिवसांत करायचा नियम सगळ्यांना लागू नाही, तुम्ही अर्धवट लिहिलं. आणि शेवटी, आपल्याकडे धंदा माणुसकीवर चालतो, रजिस्टरवर नाही. उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं, पण घरातून ऑर्डर आली की देऊन टाका एकदाचं, जेवताना पण मोबाईलकडे बघून पुटपुटताय.

४५ दिवसांचं तुमचं बरोबर आहे, मान्य. लेखी करार असेल तर ४५ दिवस, नसेल तर १५, आणि त्या मुदतीत दिलं नाही तर माल घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरायचा. पण हे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं, म्हणजे माल बनवणाऱ्याचं किंवा सेवा देणाऱ्याचं येणं असेल तरच. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या भुसार व्यापाऱ्यानं उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी, केली असली तरी त्याला हे संरक्षण मिळत नाही. लेखात ही ओळ टाकलीय आता. बघा, चांगलं सांगितलं की आम्ही ऐकतो.

आता एसी. भाऊ, तुम्ही कधी एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये आलात का हो? जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त वाटतं, आणि आमच्या ऑफिसात जो कूलर आहे तो चुनीच्या, म्हणजे डाळीच्या भुशा-चुऱ्याच्या, धुळीनं अर्धा वेळ बंद असतो. तुरीला तेलाचा हात लावून, पाणी मारून ओट्यावर वाळत घालतात तिथं मी स्वतः दाताळं ओढलंय, मालकाचा पोरगा म्हणून नाही, रोजावर, दुसऱ्याच्या गिरणीत. पोतं पाठीवर घेतलंय. ‘एसीत बसून’ हे तुम्ही कशावरून लिहिलं? माझा फोटो बघून? तो शर्ट भाच्याच्या लग्नातला आहे. टीका करा ना, कोण नाही म्हणतं, पण माणूस काय करतो ते माहीत नसताना डायरेक्ट उंटावर बसवायचं ही कुठली पद्धत? आणि स्वतः वाघ बनून, नाव-गाव न सांगता. दुकान आहे, शेती आहे, नोकरी आहे, काहीच कळत नाही, फक्त डरकाळी.

पोरांना चोर समजतो म्हणालात. फळा का लागला ते लेखात होतं, तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल. पावसाळ्यात एक गाडी गुजरातेतून परत आली. पोतं उसवून हात घातला तर वरची डाळ ठीक, आत कोपरापर्यंत गेलो तर कोमट. नाकाजवळ नेली तर कुबट वास. ओलावा राहिला होता. भरताना ओलावा मोजायचा मीटर कुणी लावला विचारलं तर मुकादम म्हणे शिफ्टवाल्यानं, शिफ्टवाला म्हणे रात्रपाळीनं, रात्रपाळी म्हणे आम्हाला वाटलं दिवसा झालं. कुणीच खोटं बोलत नव्हतं, प्रत्येकाला खरंच वाटत होतं की दुसऱ्यानं केलंय. चोर एकही नव्हता आणि गाडीभर माल गेला. तेव्हापासून फळ्यावर तूर किती टाकली, डाळ किती, खंडा म्हणजे तुकडा डाळ किती, चुनी किती, ओलावा किती, आणि मोजला कुणी, त्याचं नाव. १०० किलो तुरीतून गिरणीत साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते, ह्यात एक किलो इकडचा तिकडं झाला तर वर्षाचा नफा हलतो. हे रोज लिहिलं नाही तर कळणार कसं? तोंडी हिशोबानं?

मालकाचं नाव कुठल्या फळ्यावर, हा प्रश्न तुम्ही फार टाळ्या घ्यायच्या आवाजात विचारलाय. माझा फळा बँकेत आहे. कॅश क्रेडिटवाल्याला, म्हणजे मालावर बँकेचं कर्ज घेणाऱ्याला, विचारा, दर महिन्याला गोदामातल्या मालाचा हिशोब, म्हणजे स्टॉक स्टेटमेंट, द्यावं लागतं, खातं ९० दिवस थकलं की एनपीए, म्हणजे थकीत कर्जाच्या यादीत. जीएसटीचं ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, २० तारखेला गेलं नाही की रोज लेट फी, वर १८ टक्क्यांनी व्याज. अन् मोठ्यांचं म्हणाल तर आपल्याच अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. १९६६ ला वडील गेले आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी गादीवर आले, तर भागधारकांच्या सभेत एकानं उभं राहून तोंडावर सांगितलं की तुम्हाला जमणार नाही, शेअर विकून टाका. मालकाला विचारणारे असतातच. मी सकाळी किती वाजता येतो हा वेगळा विषय आहे, त्यावर इथं चर्चा नको.

राहिली माणुसकी. माझ्या वडिलांचं एरंडोलकडे भुसारचं दुकान होतं, पूर्ण माणुसकीवर. गिऱ्हाईक त्यांना म्हणायचं, ‘आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) देतो नाना’, आखाजी गेली की ‘कापूस निघू द्या’, कापूस गेला की पोरीचं लग्न. नानांनी कुणाला तगादा लावला नाही, वहीत लिहायची पण लाज वाटायची त्यांना. दुकान बंद पडलं. उत्तरकार्याला ते सगळे आले, जेवले, नाना देवमाणूस होते म्हणाले. एकानंही मागच्या बाकीचा विषय काढला नाही. त्यामुळं भो, माणुसकी मला शिकवायला जाऊ नका. माझ्या गिरणीत पोरांना उचल मिळते, दवाखान्याला पैसे मिळतात, फक्त ते लिहिलेलं असतं.

तुमचे बाकीचे दोन-तीन टोमणे सोडून देतो, त्यात काही दम नाही. पुढच्या वेळी कमेंट टाकताना नाव टाका आणि धंदा काय तेही टाका, मग बरोबरीनं बोलू. ज्यांनी इनबॉक्समध्ये ओलावा मोजायचा मीटर कुठला घ्यावा विचारलंय त्यांना उद्या सविस्तर लिहितो, आज डोकं गरम आहे.