पाठ लागली की, पाव्हणं!

एडी गॉर्डो घेऊन जिंकणाऱ्याला जिंकला म्हणायचं नाही. टेकन थ्री हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळत वाढलेल्या आमच्या पिढीत हा कायदा कुणी लिहून ठेवला नव्हता, पण त्यातला हा गडी घेऊन तो मोडणाऱ्याला गेमच्या दुकानात पुढचा डाव मिळत नसे. हे मी मेहुण्याच्या सातवीतल्या पोरीला नीट समजावून सांगत होतो. टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली, "अंकल, हरलासा तर हरलासा. रडता कशाला?"

प्रसंग वास्तुशांतीचा. बेळगावात अनगोळला मेहुण्यानं घर बांधलंय. खाली पंगती चाललेल्या, आमची पाळी यायला अवकाश होता. वरच्या हॉलमध्ये पोरांनी टीव्हीला पेनड्राइव्हएवढी ती काडी जोडली होती, जिच्यात जुने गेम हजारोंनी भरून येतात. त्यात टेकन थ्रीमधल्या माझ्या लाडक्या गड्याचं, जिन काझामाचं तोंड दिसलं आणि मी "सरका जरा" म्हणालो. मग काय झालं ते वर आलंच आहे. पोरीनं एडी घेतला, लाथांची दोन बटणं डोळे झाकून बडवली आणि माझा जिन सासरच्या समस्त मंडळींसमोर आडवा झाला. ज्याचे डाव अंगठ्याला घट्टे पडेस्तोवर घोटलेत तो जिन! याचं दुःख एक वेळ गिळलं असतं. पण तिथं बायकोचे मामा बसले होते.

मामा येळ्ळूरचे. सत्तरी ओलांडलेली, पांढरी टोपी, आणि तालमीत चुरगळून गड्डा झालेले दोन्ही कान. व्हिडिओ गेम ही वस्तू ते जन्मात पहिल्यांदा बघत होते. प्लास्टिकची खुर्ची ओढून ते टीव्हीच्या इतके जवळ बसले की पोरांना त्यांच्या टोपीवरून बघावं लागत होतं. एडीची पहिली लाथ लागली, जिन पडला आणि मामांनी मांडीवर थाप मारली.

"लागली!"

"काय लागलं मामा?"

"पाठ! पाव्हण्यांची पाठ लागली. कुस्ती निकाली. उठा पाव्हणं, पोरीला हात मिळवा."

"मामा, अजून लाईफ आहे. ती वरची पट्टी बघा ना. ती संपली की हार."

"पट्टी काय करायची? आनंदवाडीच्या आखाड्यात मी एवढ्या कुस्त्या बघितलोय, कुणाच्या डोक्यावर पट्टी बघितलो नाही. खांदं टेकलं की गडी घरला."

तेवढ्यात जिन उठला. मामा खुर्चीतून अर्धे उठले. "हा उठला कसा? ओ, पंच कुठं हाय?"

"पंच नसतो मामा. कॉम्प्युटर बघतो सगळं."

"बघतोय काय? झोपलाय!"

आणि खरोखर झोपला तो एडी. जमिनीवर हात टेकून, पाय वर करून, अर्धा आडवा होऊन तो लाथा फिरवायला लागला. मी हरता हरता मामांना सांगायला लागलो की ही कापोएरा, ब्राझीलची विद्या. गुलामांनी मालकाला कळू नये म्हणून लढाईला नाचाचा वेष दिला असं सांगतात. गेममधल्या या हालचाली सुद्धा एका खऱ्या कापोएरा वस्तादाच्या अंगावरून टिपलेल्या आहेत, मनानं काढलेल्या नाहीत. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तो झोपून मारालाय आणि तुम्ही उभं राहून खाऊलालाय."

हॉलमध्ये जो हशा पिकला त्यात माझा सख्खा मुलगा सामील होता हे इथे नोंदवून ठेवतो.

नंतर मला उठवून एका पोराला बसवलं गेलं आणि मामा पंच झाले. कुणी नेमलं नव्हतं. पोरानं कुमा घेतला, म्हणजे अस्वल. पोरीनं लिंग शाओयू घेतली, जी कथेत 16 वर्षांची शाळकरी मुलगी आहे. मामांनी हात आडवा घातला. "थांबा. वजनं घेतलासा काय? पोरीवर अस्वल सोडालाय, लाज वाटत नाही?" त्यांना मोकुजिन दाखवला. हा लाकडी ओंडका, दर वेळी दुसऱ्याच कुणाचे तरी डाव उसने घेऊन लढणारा. मामा म्हणाले, "मल्लखांबाला हातपाय फुटलेत." पण किंग आला तेव्हा त्यांचा नूर बदलला. जग्वारचा मुखवटा, उघडी छाती, आणि समोरच्याचे दोन्ही पाय धरून गरागरा फिरवून भिरकावणं. हा कोण, कुठला, वस्ताद कोण, अशी चौकशी सुरू झाली.

मी सांगितलं. आधीचा किंग मेक्सिकोचा पैलवान, कुस्तीच्या पैशातून अनाथ मुलं सांभाळायचा. त्याला ओगर नावाच्या राक्षसानं मारलं, म्हणून त्याच अनाथाश्रमातला पोरगा मुखवटा चढवून उतरला तो हा. हे सगळंच कल्पनेतलं नाही. मेक्सिकोत फ्राय तोरमेंटा या नावानं एक खरा पाद्री अनाथ पोरांच्या जेवणासाठी मुखवटा घालून कुस्त्या खेळत होता, त्याच्यावरून हे पात्र सुचलेलं.

"वस्तादाची गादी चालवालाय," मामा म्हणाले. मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या जोडीचं दोघं पैलवान आता दुसऱ्याच्या शेताला पाणी सोडत्यात. त्यांच्यावर कुणी गेम काढला नाही."

यावर काय बोलायचं ते मला कळलं नाही. पोरांनी मॅच चालू केली.

खरं तर मामांच्या तक्रारी ऐकून माझ्याच पोटात गोळा आला, कारण त्यातल्या बऱ्याच आमच्या जुन्याच होत्या. 1997 ला टेकन थ्री आला तो मोठ्या मशीनवर, 1998 ला प्लेस्टेशनवर, आणि आमच्या शहापूरच्या बोळात पोचला तो कॉपी मारलेल्या सीडीवरून. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. प्लेस्टेशन तापलं की सीडी वाचायचं बंद व्हायचं, मग मालक ते उलटं करून ठेवायचा आणि वर "कुणी हलायचं नाही" म्हणून दम द्यायचा. पैसे तासाचे. लाईट गेली तर तास संपला असं धरलं जायचं. त्या मालकाशी माझा हिशेब अजून चुकता झालेला नाही, तो विषय इथे नको.

पण गेम होता दिलदार. चार बटणं, एकेका हाताला एक, एकेका पायाला एक. नवख्या माणसालाही पहिल्या मिनिटात कळायचं की कुठलं दाबलं की काय हलतं. बाजूला सरकून वार चुकवायची सोय आधी मोजक्यांनाच होती, ती इथे सगळ्यांना मिळाली आणि पडद्याला खोली आली. आणि एकेका गड्यानं शेवटपर्यंत जिंकलं की नवा गडी उघडायचा, फुकट. बीचचा चेंडू लाथाडून समोरच्याला मारायचा एक खेळ वेगळाच होता. कंटाळा यायला जागाच ठेवली नव्हती बघा.

खोटही तिथेच. एवढा दिलदार की नुसतं बडवणाऱ्यालाही जिंकू द्यायचा. एडी तर एडी, तो पॉल फिनिक्सही तसाच. उभ्या केसांचा, एक ठोसा द्यायचा आणि पट्टीचा लचका तोडून न्यायचा. आमच्यात एक होता, तो अख्ख्या दुपारी तेवढा एक ठोसा मारून घरी जायचा. वर मैदानाला भिंत नाही! मागे सरका, आणखी सरका, घाबरट माणूस गोव्यापर्यंत सरकला तरी मैदान संपत नाही. मागचं चित्र तेवढंच लांब. मामांनी ते पहिल्या पाच मिनिटांत पकडलं होतं: "हौदा केवढा हाय हा? अर्ध्यात कुस्ती, अर्ध्यात पळापळी." भिंती आल्या 2001 च्या टेकन फोरमध्ये, तोवर आमच्या परीक्षा आल्या होत्या.

पॉलची कथाही मी मामांना सांगून टाकली, म्हटलं निदान याचं तरी हसू होईल. पॉल ओगरला हरवतो, स्पर्धा जिंकली समजून खुशाल घरी जातो आणि त्याच्या पाठीमागे ओगर दुप्पट होऊन उठतो. मामा हसले नाहीत. "पंच नसला की असंच होतंय," म्हणाले.

परवा माझ्या मुलानं नव्या टेकनचा विषय काढला. 2024 चा टेकन एट. चित्रं बघून तोंडात बोट घालावं. म्हटलं, एडी आहे का त्यात? आहे, पण तो नंतर आला आणि त्याचे पैसे वेगळे. म्हणजे गेमचे पैसे द्या, मशीनचे द्या, ऑनलाइन खेळायला इंटरनेटचे द्या, आणि मग ज्या माणसाला आम्ही अख्खं बालपण शिव्या दिल्या त्याला घरात घ्यायचे आणखी पैसे द्या. घाम गाळून गडी उघडायची रीत गेली, आता कार्डाचा नंबर टाकून उघडतो. पोराला हे सांगायला गेलो तर तो म्हणाला, "पप्पा, तुमची सीडी तरी कुठं विकतची होती?" असले प्रश्न शाळेत विचारत नाहीत, घरी बरे सुचतात.

काल संध्याकाळी मामांचा फोन.

"पाव्हणं, जोड ठरवलोय तुमची. रविवारी येळ्ळूरला या."

"कुणाशी मामा?"

"आमच्या गल्लीत एक पोरगं हाय, यूकेजीत. अगदी तुमच्या तोडीचं. पंच मीच हाय, पाठ लागली की थांबवणार, ती पट्टीबिट्टी चालायची नाही."

"मामा, रविवारी जरा काम..."

"अर्धा किलो कुंदा इनाम ठेवलोय. येताना गावातनं तुम्हीच घेऊन या, पैसे देतो मी. जिंकलासा तर."