निकाल लागेपर्यंत देव पाण्यातून काढू नका

१ नोव्हेंबरला अमेरिकी विद्यापीठाच्या लवकरच्या प्रवेशफेरीसाठी लेकीचा अर्ज गेला. निकाल डिसेंबरच्या मध्यावर. मधले सहा आठवडे काय करायचं, हे नीट सांगणारं कोणी भेटत नाही. भेटतात ते "आता विसरून जा, व्हायचं ते होईल" असं म्हणणारे. या लोकांच्या घरी बारावीतलं मूल नसतं, किंवा असलं तर त्याचं मॅनेजमेंट कोट्यातून आधीच पक्कं झालेलं असतं. त्यांच्या नादी लागू नका. अर्जासाठी तुम्ही दोन वर्षं राबलात, काउन्सेलरची फी हप्त्याहप्त्याने भरलीत, लेकीला दिवेघाट चढायला लावलात. आता फक्त वाट बघायची उरली आहे. तीही तितक्याच निगुतीने बघायला हवी.

पहिलं काम म्हणजे पाठवून झालेला अर्ज रोज वाचणं. आता त्यात काना-मात्रेचाही बदल करता येत नाही, तेव्हा चुका शोधायला हीच योग्य वेळ. प्रिन्स्टनसाठी लिहिलेल्या पुरवणी निबंधात एखाद्या ओळीत 'येल' या दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहून गेलं नाही ना, हे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बघा. ऑक्टोबरात बघितलं असतं तर दुरुस्त झालं असतं आणि सहा आठवडे निवांत झोप लागली असती.

६५० शब्दांचा मुख्य निबंध तर पाठच हवा. तो बहुधा वारीवर असेल. पुण्याहून सासवडपर्यंत एक दिवस चालणं, घाटात एका आजीबाईंनी दिलेलं तांब्याभर पाणी आणि त्या पाण्याने लेकीची जगाकडे बघण्याची बदललेली दृष्टी. संध्याकाळी सासवडला बाबा एसी गाडी घेऊन हजर होते, हे निबंधात नाही. शब्दमर्यादा. आता मॅसॅच्युसेट्समध्ये बसून हे वाचणाऱ्याला 'माउली' कळेल का, यावर जेवणाच्या टेबलावर वाद झाला पाहिजे. "मी तेव्हाच म्हणत होते, रोबोटिक्सवर लिहू दे तिला," हे आईने दिवसाआड म्हणायचं. बाबांनी "तुझ्याच मावसबहिणीने वारी सुचवली होती" म्हणून विषय माहेरी नेऊन सोडायचा. लेक तिच्या खोलीत दार लावून बसेल. बसू दे, अर्ज काही तिच्या एकटीचा नाही.

मग गणित. डिसेंबर २०२३ मध्ये हार्वर्डच्या लवकरच्या फेरीत ७,९२१ अर्ज आले आणि ६९२ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे ८.७४ टक्के. त्या संपूर्ण वर्षाचा दर मात्र ३.५९ टक्के. यावरून लवकर अर्ज केला की शक्यता दुपटीहून जास्त होते, असा निष्कर्ष काढा आणि तो सोसायटीच्या गेटवर भेटेल त्याला ऐकवा. त्या ६९२ मध्ये प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू किती आणि ज्यांचे आईवडील तिथेच शिकले अशी 'लेगसी'वाली मुलं किती, हा हिशेब मांडत बसू नका. मांडलात तर लक्षात येईल की लेकीला नौकानयन शिकवायला हवं होतं. मुळा नदीवर इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब इतकी वर्षं होता आणि आपण मात्र तिला ॲबॅकसला घालत राहिलो. पुढच्या वर्षीपासून हार्वर्डने डिसेंबरात हे आकडे सांगणंच बंद केलं. तेव्हा जुन्याच आकड्यांवर झुरायचं.

काहींनी याहून धाडसाचं काम केलं आहे. त्यांनी ब्राउन, कॉर्नेल किंवा पेन या विद्यापीठांना 'अर्ली डिसिजन'खाली अर्ज केलाय. हे म्हणजे शब्दशः गुडघ्याला बाशिंग: होकार आला की बाकी सगळी स्थळं रद्द करून तिथेच जायचं. करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. सही करताना आर्थिक मदत नेमकी किती मिळणार, हे हातात लेखी नसतं. मदत अपुरी पडली तर सुटता येतं म्हणतात, पण आधी सही आणि मग याचना, हा क्रम ठरलेला. हार्वर्ड-येल-प्रिन्स्टनचा लवकरचा मार्ग बंधनकारक नाही, तरी सोबत दुसऱ्या खासगी विद्यापीठात असा लवकर अर्ज करता येत नाही. म्हणजे लग्नाचं वचन नाही, पण दुसरीकडे बघायचंही नाही. लवकर अर्ज घ्यायची ही पद्धतच आधीच सुस्थितीत असलेल्यांच्या फायद्याची आहे, असं म्हणून हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ साली ती बंद केल्याचं जाहीर केलं होतं. २०११ मध्ये दोघांनीही ती परत आणली. गरिबांची काळजी साधारण तेवढी टिकते. पण तुम्ही हे मनावर घेऊ नका. तुम्ही आकडा न बघता सही करू शकलात, म्हणजे फायदा तुमचाच.

पोर्टल दिवसातून किती वेळा उघडावं? उघडावंच. 'सर्व कागदपत्रं मिळाली' याच्यापुढची हिरवी खूण जागेवर आहे ना, हे सकाळी, दुपारी आणि झोपण्यापूर्वी बघा. खूण काल जरा डावीकडे होती असं वाटलं तर स्क्रीनशॉट काढून काउन्सेलरला पाठवा. कोणी वेड्यात काढलं तर त्याला २००२ सालची गोष्ट सांगा. येलने विद्यार्थ्यांना निकाल ऑनलाइन बघायची सोय नवीनच केली होती. जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर (तिकडचा सरकारी ओळख क्रमांक) घातला की निकाल दिसायचा. त्या संकेतस्थळात विद्यार्थ्यांच्या नावाने कोण शिरलं? प्रिन्स्टनच्या प्रवेश कार्यालयातली मंडळी! आपल्याकडे अर्ज केलेल्या मुलांना येलने घेतलं का, हे त्यांनी तिथे जाऊन बघितलं. प्रकरण एफबीआयच्या कानावर गेलं. निवड करणाऱ्यांनाच जिथे दम धरवत नाही, तिथे तुम्ही कशाला धरायचा?

दरम्यान दुसऱ्या विद्यापीठांच्या निबंधांना हात लावू देऊ नका. मनात शंका आहे असा त्याचा अर्थ होतो आणि देवाला असल्या गोष्टी बरोबर कळतात. बहुतेक मोठ्या ठिकाणांची पुढची मुदत १ जानेवारीच्या आसपास असते, म्हणजे निकालानंतर चांगले दोन आठवडे हातात असतात. दहा विद्यापीठं, प्रत्येकाचे दोन-चार निबंध, शाळेच्या समुपदेशक मॅडम नाताळच्या सुट्टीत केरळला आणि लेक पांघरूण डोक्यावरून घेऊन पडलेली. अशा वातावरणात 'मला तुमचंच विद्यापीठ का आवडतं' हे फार मनापासून लिहिलं जातं.

कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, हेही ठरवून ठेवा. कोणालाही सांगायचं नाही असं ठरवा आणि मग फक्त आजी, दोन्ही मामा, अमेरिकेतल्या एडिसनची आत्या, ट्यूशनच्या बाई आणि सोसायटीचे सेक्रेटरी एवढ्यांनाच सांगा. आजी त्याच दिवशी बाळकृष्ण तांब्यात बुडवून ठेवतील. निकाल लागेपर्यंत तो तांब्या कोणी हलवायचा नाही. एकादशीच्या आंघोळीपुरताही नाही.

आता प्रत्यक्ष निकाल. तिकडे संध्याकाळी सात म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेपाच. पाचलाच सगळ्यांना उठवा. गीझर लावू नका, मागच्या वेळी त्यानेच फ्यूज उडाला होता. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, मोबाइलचा हॉटस्पॉट राखीव. बाबांनी व्हिडिओ काढायला उभं राहायचं. लेकीचा आनंदाश्रूंचा क्षण टिपायचा असतो, त्यात अर्धा वेळ बाबांचा अंगठाच दिसला तरी चालेल. पाच एकोणतीसला लेकीला पासवर्ड आठवणार नाही. नवा पासवर्ड मागवला की त्याची लिंक शाळेच्या ईमेलवर जाईल आणि शाळेच्या ईमेलचा पासवर्ड तिच्या मैत्रिणीकडे असेल. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जाईल, त्या आवाजाने आजी "आलं का पत्र?" म्हणून विचारतील. पाच एकतीसला आत्याचा फोन: "लागला का गं? इथे आमच्या मराठी शाळेतल्या एकीला येल मिळालं बरं का, आत्ताच कळलं." फोन उचलू नका, पण वाजत राहू द्या.

येलचा होकार असेल तर पडद्यावर बुलडॉग गाणं म्हणतो. गाणं कानावर आलं नाही तर आधी स्पीकर तपासा, मग नशीब. नकार असेल तर मजकूर छोटा आणि अतिशय सभ्य असतो. तरी लगेच हार मानू नका. डिसेंबर २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने नकार दिलेल्या किंवा लटकवून ठेवलेल्या २९४ मुलांना दोनच दिवसांनी स्वागताची ईमेल पाठवली होती. चुकून. काही तासांत माफीची ईमेल आली, पण मधल्या वेळात पेढे आणता आले असते. २००९ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर नाकारलेल्या २८ हजारांहून जास्त मुलांचं असंच स्वागत केलं होतं. तेव्हा नकारानंतर दोन दिवस इनबॉक्सवर लक्ष ठेवा.

पण खरी कला तिसऱ्या उत्तरात आहे. 'डिफर'. घेतलं नाही, नाकारलंही नाही; मार्चअखेरपर्यंत भिजत घोंगडं. हार्वर्डने डिसेंबर २०२३ मध्ये पाचांतल्या जवळपास चौघांना हेच कळवलं. नाही म्हणायला जीभ न रेटणारे नातेवाईक आपल्याकडेही आहेत, पण ते निदान चहा तरी पाजतात. यावर उपाय म्हणजे 'मला अजूनही तुमच्याकडेच यायचंय' असं सांगणारं एक पानी पत्र. त्यात नोव्हेंबरनंतरची कामगिरी लिहायची असते, सबब लेकीने आठवड्याभरात एखादी सामाजिक संस्था काढावी. बाकरवडी मात्र पाठवू नका, कस्टम्समध्ये अडकते.

एवढ्यावर भागणार नाही. आता मार्चच्या फेरीसाठी अमेरिकेतल्या एमआयटीलाही अर्ज कराल, त्यांचा निकाल गणितातल्या 'पाय'च्या (३.१४) मुहूर्तावर, म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी, १४ मार्चला लावायची प्रथा आहे. वेळही पायच्या दुपटीची: तिकडचे संध्याकाळचे ६:२८. तोवर त्यांची घड्याळं तासभर पुढे गेलेली असतात, म्हणजे आपल्याकडे १५ तारखेच्या पहाटेचे ३:५८. गजर तीनचाच लावा आणि शाळेच्या ईमेलचा पासवर्ड आजच मैत्रिणीकडून मागून घ्या.