खारपाणपट्ट्यातला प्रश्न

दर्यापूर तालुक्यातील आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील इथल्या खाऱ्या पाण्याने किडनीचे दुखणे जडते, असे तिकडे लहान पोरही सांगते. माझा चुलतभाऊ आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोल्याला जातो. परवा त्याने फोनवर विचारले, "डुकराच्या पोटात मानसाची किडनी वाढवून राह्यले म्हंते, खरं हाय का?"

बातमी अर्धीच खरी आहे. चीनमधील ग्वांगझू येथील शास्त्रज्ञांनी डुकराच्या भ्रूणातील मूत्रपिंड घडवणारी दोन जनुके निकामी करून त्या मोकळ्या जागी मानवी मूलपेशी, म्हणजे वेगवेगळ्या अवयवांच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी, सोडल्या आणि असे १,८२० भ्रूण १३ डुकरिणींच्या गर्भाशयांत ठेवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पाच भ्रूण २५ ते २८ दिवसांनी काढून तपासले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांतील निम्म्याहून अधिक पेशी मानवी निघाल्या. किडनी तयार झाली नव्हती, तिची सुरुवात झाली होती. मोजक्या मानवी पेशी मेंदूपर्यंतही पोचल्या होत्या, आणि माझी अस्वस्थता तिथे सुरू होते.

गावातला वाद मात्र डुकरावरच अडला. एका गटाला डुक्कर नकोच होते, तर दुसऱ्याने नरसिंहाचा दाखला देऊन विषय संपवला. मला दोन्ही पळवाटा वाटतात.

मी राहतो त्या इंग्लंडमधील न्यूकॅसलमध्ये २००८ साली गायीच्या अंडपेशीतील केंद्रक काढून तिथे मानवी पेशीचे केंद्रक बसवले गेले. अंडाशये कत्तलखान्यातून आणली होती. कॅथलिक चर्चने कडाडून विरोध केला तो मानवी भ्रूणाच्या नावाने. पोळ्याला बैलांची पूजा करणाऱ्या आमच्या गावात पहिली हरकत गायीवरूनच निघाली असती. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने जाहीर वाद घालून कायदा केला: असे संशोधन परवान्यानेच करायचे, भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवायचा नाही आणि कोणाच्याही गर्भाशयात ठेवायचा नाही. या कायद्याचे कौतुक मी गावाकडे अनेकदा केले आहे, पण डुकराच्या प्रश्नात ते अपुरे पडते, कारण हा कायदा ज्यांत मानवी अंश प्रामुख्याने आहे अशा भ्रूणांपुरता आहे. मानवी पेशी असलेले डुक्कर १९८६च्या प्राणीप्रयोगांच्या कायद्याखाली येते.

आपल्याकडे मूलपेशी संशोधनासाठी २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण त्यांना कायद्याचे बळ नाही. शिवाय गरजेपुढे नियमाचे काय होते, हे वऱ्हाडाने पाहिले आहे. २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी मान्यता नसलेले एचटीबीटी (तणनाशक सहन करणाऱ्या जनुक-बदललेल्या) कपाशीचे बियाणे सर्वांदेखत पेरले. अशी किडनी उद्या मिळू लागली, तर डायलिसिसच्या खुर्चीतला माणूस मार्गदर्शक तत्त्वे वाचत बसेल असे मला वाटत नाही. म्हणून हा वाद आताच, ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत व्हायला हवा.

चुलतभावाचा कौल मी विचारला. "डुकराची असली तरी चालते," तो म्हणाला, "पन त्या डुकराले मानसासारखं समजाले लागलं तं मंग?" मेंदूतील पेशींची गोष्ट मी त्याला तोवर सांगितलीही नव्हती.