सोसायटीत महासत्ता व्हायचंय?

बोरिवली असो की मुलुंड, सोसायटीत दबदबा हवा असेल तर नियम मोडत बसू नका. ते भाडेकरूंचं काम. तुम्ही नियम लिहायच्या कमिटीतच बसा.

अमेरिकेकडून शिका. संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवाधिकारांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष होत्या अमेरिकेच्याच एलिनॉर रूझवेल्ट. (एसएनडीटीच्या कुलगुरू राहिलेल्या आपल्या हंसा मेहताही त्यात होत्या, पण कोणाला आठवतंय!) एकदा नियम लिहिले की ते शेजाऱ्यांसाठी असतात.

सह्या मात्र सढळ हाताने करा. बालहक्क करारावर अमेरिकेने १९९५ साली सही केली. करार बंधनकारक करणारी मंजुरी मात्र आजतागायत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बाकी सगळ्या सदस्यांनी दिली, अगदी सोमालियानेही, २०१५ साली. तुम्हीही पार्किंगच्या ठरावावर झोकात सही ठोका आणि गाडी गेटसमोर लावा. विचारलंच कोणी, तर 'घरी चर्चा चालू आहे' म्हणायचं.

मंजुरी द्यावीच लागली तर अटी घाला. नागरी व राजकीय हक्कांचा करार अमेरिकेने १९९२ साली मंजूर केला, पण अठरा वर्षांखालच्या गुन्हेगारांनाही फाशी देण्याची मुभा राखून. वर हेही बजावलं की या कराराच्या आधारे आमच्या कोर्टात थेट दाद मागता येणार नाही. म्हणजे मेंटेनन्स मान्य, पण थकला तर विचारायचं नाही! (हसू नका. छळविरोधी करारावर भारताने १९९७ साली सही केली, तीही अजून मंजुरीविना पडून आहे.)

दरम्यान थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावायला विसरू नका. अमेरिकेचं परराष्ट्र खातं वर्षानुवर्षं जगातल्या देशांचे मानवाधिकार अहवाल काढतं. त्यात अमेरिकेचं पान शोधू नका. संशयितांना खटल्याविना डांबणारा त्यांचा ग्वांतानामोचा तुरुंग २००२ पासून चालू आहे, तो भाग वेगळा.

आणि प्रकरण वर गेलंच तर? निकाराग्वातल्या बंडखोरांना मदत केल्याबद्दल त्या देशाने भरलेल्या खटल्यात १९८६ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. तो पाळा म्हणणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा अमेरिकेने नकाराधिकार वापरला. २००२ साली तर कायदाच केला: हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने आमचा सैनिक डांबला, तर सोडवायला राष्ट्राध्यक्ष लागेल तो उपाय करू शकतील. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या काही न्यायाधीशांवर निर्बंध लादले.

तेव्हा ऑडिटरची गाडी आत सोडायची नाही, हे वॉचमनला आजच सांगून ठेवा.