गोव्याचे आकडे आणि आमचं ताट

मधुमेहावरचा लेख वाचला. गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के म्हणजे देशात सर्वाधिक, म्हणून लेखकाने खापर फोडलंय भात-माशांवर. पटत नाही. तेरेखोल खाडीच्या अलीकडे, आमच्या सिंधुदुर्गातल्या आरोंद्यालाही तोच भात, तेच बांगड्याचं तिखलं. हा आकडा ज्यातला, तो आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीचा अहवाल २०२३ चा खरा, पण मोजणी २००८ ते २०२० अशी टप्प्याटप्प्याने झाली. महाराष्ट्र पहिल्याच टप्प्यात होता, तेव्हा राज्याचा आकडा ८.४ निघाला, गोव्याची पाळी नंतर आली. शिवाय हे आकडे राज्यवार, त्यात सिंधुदुर्ग वेगळा दिसणार कुठे?

त्याच अहवालात देशभर शहरात १६.४ आणि खेड्यात ८.९ टक्के आहे. गोवा किती शहरी झालाय ते म्हापशाला जाऊन बघा. उत्तर प्रदेश ४.८ वर, पण तिथे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १८ टक्के! म्हणजे त्यांनीही निर्धास्त राहू नये.

आणि मधुमेह म्हणजे 'जाड्यांचा रोग' हे लेखातलं म्हणणं तर सोडाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टरांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी इंग्रजाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आमचे काका रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढून काटक झालेले, पोटाचा पत्ता नाही, तरी उपाशीपोटी साखर १९० आली. काकी अजून म्हणते, मशीनच बिघडलं असणार.

लेखकाने पुढच्या भागात वयोगटाप्रमाणे तक्ता द्यावा, ताटाचं नंतर बघू.